शहराच्या एनर्जी सिम्युलेशनचा वर्कफ्लो: स्टेप तोडायची कुठे, जोडायची कशी

शहरातल्या इमारती किती ऊर्जा खातात याचं कॉम्प्युटरवर गणित करणारे वर्कफ्लो, म्हणजे एकामागे एक लावलेल्या स्टेपची साखळी, माझ्याकडे बघायला येतात, आणि ते बहुतेक एकाच पद्धतीने बिघडलेले असतात. आधी हजार-बाराशे ओळींची एक पायथन फाइल असते, ती चालते पण लिहिणाऱ्यालाही महिन्याभराने समजत नाही, मग कोणीतरी म्हणतं मॉड्युलर करा, मग तिचेच सहा तुकडे पाडून स्टेप-१ ते स्टेप-६ नावं द्यायची आणि म्हणायचं झालं मॉड्युलर. कुठलं काय. तिसऱ्या तुकड्याला पहिल्यातला कुठलातरी व्हेरिएबल लागतो, पाचवा गुपचूप वेदर फाइल (हवामानाच्या आकड्यांची फाइल) पुन्हा वाचतो, आणि एक भिंत बदलली तरी सहाच्या सहा परत चालवावे लागतात.

स्टेप तोडायची ती जिथे डेटा एका हातातून दुसऱ्या हातात जातो तिथे. कोड कुठे लांब झालाय ते बघून तोडू नका. आणि अनुभवाने सांगतो, स्टेपच्या आतल्या चुका लवकर सापडतात, दोन स्टेपच्या मधल्या फटीत पडलेल्या सापडत नाहीत, म्हणून हा लेख मुख्यतः त्या फटींबद्दल आहे.

या कामासाठी तयार सॉफ्टवेअर म्हणून स्टुटगार्टच्या हॉखशूले या तंत्रशिक्षण संस्थेचं सिमश्टाट घ्या, ईटीएच झ्युरिख विद्यापीठाचं सिटी एनर्जी ॲनालिस्ट घ्या, अमेरिकेच्या एनआरईएल (आताचं नाव नॅशनल लॅबोरेटरी ऑफ द रॉकीज) या ऊर्जा-प्रयोगशाळेचं अर्बनऑप्ट घ्या किंवा स्वतःचा पायथन लिहा, क्रम थोडाफार खाली देतोय तोच राहतो. उदाहरणं इंदूरची देतोय कारण मी इथेच काम करतो, बडोदा-ग्वाल्हेरवाल्यांसाठी फरक जागोजागी सांगतो.

## ० – कोड उघडायच्या आधी

पहिलं, प्रश्न एका ओळीत लिहा. “इंदूरच्या रामबागेतल्या घरांचा एसीचा वर्षाचा वीजवापर, आणि छताला पांढरा रंग दिला तर त्यात किती फरक” हा प्रश्न झाला. “शहराचं एनर्जी मॉडेल करायचंय” हा प्रश्न नव्हे, ती इच्छा आहे. प्रश्नावरूनच ठरतं की तासातासाचं गणित लागणार की महिन्याचा ताळेबंद पुरेल. पांढऱ्या छताला आणि रात्री चालणाऱ्या एसीला महिन्याचा ताळेबंद चालत नाही, दुपारी तापलेला स्लॅब रात्री दहाला खोलीत उष्णता सोडतो हे त्यात धड दिसतच नाही.

दुसरं, दहा इमारती निवडा. संपूर्ण वॉर्ड नको. दहात दोन जुने वाडे, दोन-तीन एकमेकांना चिकटलेली घरं, एक खाली दुकान वर राहणं, एक अपार्टमेंट आणि एक अगदी वेडीवाकडी जागा असू द्या. या दहा इमारती प्रत्यक्ष जाऊन बघा, फुटपट्टी नाही तर निदान पावलं मोजून. वर्कफ्लो तयार होईपर्यंत सगळं या दहांवरच चालवायचं.

तिसरं, कागदावर चौकोन काढा. प्रत्येक चौकोनाच्या डावीकडे काय येतं, उजवीकडे काय जातं. बाणावर एखादी गोष्ट लिहिता येत नसेल, “मागच्यातलं जे लागेल ते” असं लिहावं लागत असेल, तर तिथे चौकोन चुकीच्या जागी तोडलाय.

## १ – तोडायचं कुठे

माझी नेहमीची विभागणी पाच स्टेपची: भूमिती, हवामान, इमारतीचं बांधकाम, इमारतीचा वापर, आणि गणित. नंतर एक छोटी रिपोर्टची.

बांधकाम आणि वापर वेगळे का, हे विचारतात. कारण ते वेगवेगळ्या कारणांनी बदलतात. भिंत २३० मिमी विटांची आहे हे वीस वर्षं बदलत नाही, पण त्याच घरात मुलगा बंगलोरला गेला की एक एसी बंद होतो. दोन्ही एकाच “घर-टाइप-अ” मध्ये कोंबले की नुसता वापर बदलायला तुम्ही टाइप-अ-१, अ-२, अ-२-नवीन असे प्रकार करत बसता. मी बसलोय, एकोणतीस प्रकारांपर्यंत गेलो होतो.

खिडक्यांचं प्रमाण भूमितीत टाकू नका. फूटप्रिंटवरून, म्हणजे इमारतीच्या नकाशावरच्या बाह्यरेषेवरून, खिडकी दिसत नाही, ती अंदाजाची गोष्ट आहे, बांधकामात टाका.

तपासा: प्रत्येक स्टेपचं काम “आणि” न वापरता एका वाक्यात सांगता येतं का? “भूमिती साफ करते आणि मजले भरते आणि वापर ठरवते” असं होत असेल तर पुन्हा कागदावर.

## २ – प्रत्येक स्टेपचा करार लिहा

हे सगळे टाळतात. कोड लिहायच्या आधी प्रत्येक स्टेपसाठी एक छोटा तक्ता: कॉलमचं नाव, युनिट, कमीत कमी-जास्तीत जास्त किती असू शकतं, आणि रिकामं चालेल का.

युनिट कॉलमच्या नावातच घाला. नुसतं “कूलिंग” नको, “कूलिंग_उष्णता_केडब्ल्यूएच” हवं. एनर्जीप्लस (इमारतीचं ऊर्जेचं गणित करणारा प्रोग्राम) ऊर्जेचे आकडे जूलमध्ये देतो, १ केडब्ल्यूएच (किलोवॅट-तास) म्हणजे ३६,००,००० जूल, आणि आपल्या लाइट बिलावरचं एक युनिट म्हणजे १ केडब्ल्यूएच. या तिघांत गोंधळ झाला तर आकडा इतका हास्यास्पद येतो की लगेच कळतं, ते बरं. धोका मेगाजूलचा आहे, तिथे फरक ३.६ पटीचाच पडतो आणि “एसीवाला एरिया आहे, असेल जास्त” म्हणून लोक पुढे जातात.

“उष्णता” हा शब्द पण नावात मुद्दाम घेतलाय. खोलीतून किती उष्णता काढायची आणि त्यासाठी एसीने किती वीज खाल्ली हे दोन वेगळे आकडे. एसीचा सीओपी, म्हणजे एक युनिट विजेत किती युनिट उष्णता बाहेर काढतो तो आकडा, ३ धरला तर वीज एक तृतीयांश. पहिला आकडा बिलाशी ताडून “मॉडेल तिप्पट दाखवतंय” म्हणून भिंतींचे आकडे खालीवर करत बसलेली माणसं मी पाहिलीत, भिंतींचा काही दोष नव्हता.

अजून एक कॉलम हवाच हवा: आकडा आला कुठून. मोजलेला, अंदाजे, की डिफॉल्ट. स्टेपने रिकामी जागा गुपचूप भरायची नाही, भरली तर या कॉलममध्ये कबूल करायचं.

## ३ – भूमितीची स्टेप

फूटप्रिंट ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्या की नगर निगमच्या नकाशावरून, आत शिरताना तीन गोष्टी क्रमाने करायच्या, क्रम बदलायचा नाही.

क) प्रोजेक्शन, म्हणजे अंशांतले आकडे सपाट नकाशावरच्या मीटरमध्ये आणणं. जीओजेसनमध्ये (नकाशाच्या डेटाची एक प्रचलित फाइल) आकडे अंशांत असतात, आणि आधी रेखांश मग अक्षांश. अंशांवर क्षेत्रफळ काढलं तर कचरा येतो. यूटीएम ही पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी पद्धत, इंदूर आणि बडोदा दोन्ही तिच्या ४३ उत्तर झोनमध्ये पडतात, सॉफ्टवेअरमधला तिचा कोड ईपीएसजी ३२६४३. ग्वाल्हेर मात्र ७८ अंश रेखांशाच्या जरासं पूर्वेला आहे म्हणून तिथे झोन ४४, ईपीएसजी ३२६४४. खरं सांगायचं तर ग्वाल्हेरला चुकून ४३ वापरला तरी लांबीत फरक नगण्यच पडतो. घोळ होतो तो इमारती एका झोनमध्ये आणि रस्ते किंवा झाडं दुसऱ्या झोनमध्ये असली की, दोन लेयर एकमेकांवर बसतच नाहीत. म्हणून झोनचा नंबर कोडमध्ये कुठेतरी पुरून न ठेवता सेटिंगमध्ये ठेवा.

ख) मजले. नकाशावर किंवा परवानगीच्या कागदावर “जी+२” लिहिलेलं असतं, म्हणजे तीन मजले. दोन नव्हे. ही चूक मी इतक्या वेळा पाहिलीये की आता पहिलं तेच उघडून बघतो. तीनचे दोन झाले की इमारतीचा एक तृतीयांश भाग गायब, आणि छत एकच असल्यामुळे छतातून येणाऱ्या उष्णतेचं प्रमाण उगाच फुगतं, मग पांढऱ्या रंगाचा फायदा टक्केवारीत भलताच गोड दिसतो.

ग) सामाईक भिंती. इथे जरा थांबतो, कारण आपल्या जुन्या वस्त्यांत सगळा खेळ इथेच आहे. समजा रांगेतलं मधलं घर, रस्त्याकडे ८ मीटर, आत २० मीटर, तीन मजले म्हणजे उंची ९ मीटर धरू. परिघ ५६ मीटर, एकूण भिंत ५६ गुणिले ९ म्हणजे ५०४ चौरस मीटर. पण दोन्ही लांब बाजू शेजाऱ्यांना चिकटलेल्या, त्या ३६० चौरस मीटर. उरल्या बाहेरच्या भिंती फक्त १४४. सामाईक भिंत वजा केली नाही तर ऊन खाणारी भिंत साडेतीन पट होते. सिव्हिल लाइन्ससारख्या सुट्या बंगल्यांच्या भागात हे जाणवत नाही, मल्हारगंज किंवा रामबागेत सगळा निकालच उलटतो.

नकाशात चिकटलेली घरं बरेचदा १०-२० सेंटीमीटर फटीने काढलेली असतात, तेव्हा “एकदम स्पर्श करतात का” असं विचारलं तर कोडला एकही शेजारी सापडत नाही. अर्ध्या मीटरपर्यंतची फट म्हणजे चिकटलेलंच धरा. आणि शेजारचं घर एकमजली असेल तर वरचे दोन मजले उघडे आहेत हे विसरू नका, वजाबाकी दोघांत जे बुटकं असेल त्याच्या उंचीपर्यंतच.

तपासा: दहा इमारतींच्या बाहेरच्या भिंती हाताने काढा, कोडच्या आकड्याशी ताडा. दहाही जुळेपर्यंत पुढच्या स्टेपला हात लावू नका.

## ४ – हवामानाची स्टेप

वेदर फाइल बहुतेक ईपीडब्ल्यू प्रकारची असते, म्हणजे वर आठ ओळी हेडर आणि खाली ८७६० ओळी, तासाला एक. वाचायला सोपी, आणि म्हणूनच सगळे गाफील राहतात.

*टाइमझोन.* पहिल्या ओळीत ५.५ लिहिलेलं असतं, आपली घड्याळं ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहेत म्हणून. एखाद्याने तो आकडा पूर्णांक म्हणून वाचला तर ५ होतो, एरर येत नाही, काही नाही, फक्त सूर्य अर्धा तास म्हणजे साडेसात अंश सरकतो आणि पूर्व-पश्चिम भिंतींचा हिशोब हळूच बिघडतो. पकडायची युक्ती सांगतो. १५ एप्रिलच्या सुमारास घड्याळाची दुपार आणि सूर्याची दुपार यांत ऋतूमुळे पडणारा फरक जवळजवळ शून्य असतो, उरतो तो फक्त गावाच्या रेखांशाचा. त्या दिवशी इंदूरला सूर्य माथ्याच्या सर्वात जवळ यायला हवा साधारण १२ वाजून २७ मिनिटांनी, बडोद्याला १२:३७, ग्वाल्हेरला १२:१७. इंदूरला कोड ११:५७ सांगत असेल तर तुमचा अर्धा तास गेला कुठे ते कळलं.

*सूर्य कायम दक्षिणेला नसतो.* इंदूर आणि बडोदा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत, त्यामुळे २१ जूनच्या आसपास भर दुपारी सूर्य माथ्यावरून किंचित उत्तरेला झुकतो. युरोपातल्या सवयीने लिहिलेल्या कोडमध्ये “उत्तरेची भिंत, थेट ऊन शून्य” असा शॉर्टकट कधीकधी सापडतो. ग्वाल्हेरला दुपारचा सूर्य दक्षिणेलाच राहतो, पण उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी तिथेही उत्तरेची भिंत ऊन खाते, तेव्हा शॉर्टकट तिघांनाही नको.

*तारखेने सॉर्ट करू नका.* या फायलींत महिने वेगवेगळ्या वर्षांतून उचलून जोडलेले असतात, जानेवारी एका सालचा तर फेब्रुवारी दुसऱ्याच. तारखेने लावलं की ऑगस्टनंतर मार्च येऊ शकतो. वर्षाचा कॉलम सोडून द्या, ओळीचा नंबर धरा.

*रिकाम्या जागा.* तापमान नसेल तिथे ९९.९ आणि ऊन नसेल तिथे ९९९९ लिहिलेलं असतं. ते खरं तापमान समजून चालवलं तर एका तासात इंदूर उकळतं.

तपासा: हवेच्या दाबाचा कॉलम बघा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, दाब ९५,००० पास्कलच्या आसपास असायला हवा. एक लाखाच्या वर दिसला तर भलत्याच गावची फाइल उघडलीये.

## ५ – बांधकाम आणि वापर

बांधकामाबद्दल थोडक्यात. दोन्हीकडून प्लास्टर केलेल्या २३० मिमी विटांच्या भिंतीची यू-व्हॅल्यू (भिंतीतून उष्णता किती सहज जाते तो आकडा, वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश) साधारण २ असते. युरोपियन टूलमधली डिफॉल्ट भिंत ०.२-०.३ ची निघाली तर ती आपली भिंत नव्हे, डिफॉल्ट काढून टाका. सगळे डिफॉल्ट एकदा स्क्रीनवर छापून घ्या आणि एकेकावर बोट ठेवून विचारा हे घर इथलं आहे का.

वापराची स्टेप मात्र खुर्चीत बसून होत नाही. मागे रामबागेतल्या एका वाड्यात मोजमाप घ्यायला गेलो होतो, सहा खोल्या, मी कागदावर सहाही खोल्या थंड, चोवीस तास, २४ अंश असं धरून बसलेला. आजींना विचारलं एसी किती वेळ चालतो. म्हणाल्या, “अरे बाळा, एसी फक्त मधल्या खोलीत. सगळे तिथेच गाद्या टाकून झोपतो. दहाला लावतो, दोनला ह्यांना थंडी वाजते मग बंद करतात, आणि पाऊस पडून गेला की लावतच नाही, खिडक्या उघडतो.” एका वाक्यात माझं शेड्यूल, थंड होणारं क्षेत्रफळ आणि सीझन तिन्ही बदललं. शब-ए-मालवा, माळव्यातली सुखद रात्र, उगाच म्हणत नाहीत, रात्री खिडकी उघडणं हा इथल्या मॉडेलचा भाग आहे, त्याला वेगळा कॉलम द्या.

२४ अंश हे १ जानेवारी २०२० पासून रूम एसीचं ठरवून दिलेलं डिफॉल्ट सेटिंग आहे. लोक तेवढ्यावरच ठेवतात असं त्यातून सिद्ध होत नाही, दहा घरी विचारा.

वापर इमारतीला न लावता मजल्याला लावा. इंदूरच्या सराफ्यात खाली दुकान, वर बिऱ्हाड. आणि रात्री तिथे खाण्याच्या गाड्या लागतात त्यांची भट्टी-शेगडी इमारतीच्या खात्यात टाकू नका, एकाने टाकली होती.

## ६ – गणिताची स्टेप

ही सगळ्यात छोटी ठेवा. चार तक्ते आत, एक तक्ता बाहेर. तिने स्वतः कुठलीही फाइल उघडायची नाही, इंटरनेटवर जायचं नाही, काही नसेल तर स्वतःच्या मनाने भरायचं नाही, सरळ थांबायचं आणि कुठल्या इमारतीचा कुठला कॉलम नाही ते सांगायचं. आत एनर्जीप्लस असो की तुमचं स्वतःचं समीकरण, बाहेरून दोन्ही सारखीच दिसायला हवीत.

थांबा: एका इमारतीवर एरर आली म्हणून सगळा वॉर्ड थांबवू नका, पण एरर गिळूनही टाकू नका. त्या इमारतीसमोर “झालं नाही” लिहा आणि कारण लिहा. शून्य लिहू नका, शून्य बेरजेत मिसळून जातं.

## ७ – जोडणी

आता पाचही स्टेप एकामागे एक लावा. भूमिती, हवामान, बांधकाम, वापर यांचा आपसात क्रम फारसा महत्त्वाचा नसतो, गणित सगळ्यांनंतर. मधल्या प्रत्येक टप्प्याचा तक्ता डिस्कवर उतरवा, मेमरीतून मेमरीत देऊ नका, निदान सुरुवातीला तरी. कधीतरी रात्री अकराला आकडा विचित्र दिसणार आहे आणि तेव्हा मधला तक्ता उघडून बघता यायला हवा.

जुना निकाल पुन्हा वापरायचा की नाही हे फाइलच्या तारखेवरून ठरवू नका. पेनड्राइव्हवरून कॉपी केली की तारीख बदलते, आतलं काही बदललेलं नसतं, आणि उलटही होतं. इनपुटचा मजकूर, सेटिंग आणि स्टेपच्या कोडचं व्हर्जन या तिन्हींचा मिळून हॅश (मजकुरावरून निघणारा ठशासारखा नंबर, मजकूर जरा बदलला की तोही बदलतो) काढा, तो तोच असेल तर जुना निकाल घ्या. लोक कोडचं व्हर्जन विसरतात, मग चूक दुरुस्त करूनही जुनाच आकडा येत राहतो आणि अख्खी दुपार त्यात जाते.

## ८ – अदलाबदलीची परीक्षा

दहा इमारती पार झाल्या की वॉर्ड चालवायच्या आधी तीन प्रयोग करा.

पहिला, फक्त वेदर फाइल बदला. हवामान आणि गणित या दोनच स्टेप पुन्हा चालायला हव्यात. भूमिती पण चालली तर कुठेतरी चोरून तार जोडलेली आहे, शोधा.

दुसरा, एका इमारतीचा मजल्यांचा कॉलम रिकामा करा. वर्कफ्लोने तक्रार करायला हवी. मुकाट्याने आकडा दिला तर कुठेतरी डिफॉल्ट लपलाय.

तिसरा, ग्वाल्हेरच्या दहा इमारती द्या. बदलायला लागायला हव्यात फक्त पाच गोष्टी: फूटप्रिंट, झोन ३२६४४, वेदर फाइल, बांधकामाचा तक्ता, वापराचा तक्ता. कोडची एकही ओळ नाही. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चौदा ठिकाणी कोडमध्ये हात घालावा लागला होता, त्यातल्या अकरा ठिकाणी नुसतं “इंदूर” लिहिलेलं होतं.